गिट्टीचं वजन

पंचशीलातल्या चौथ्या शीलापाशी दयारामचा आवाज नेहमीसारखा बसला.

तीन वर्षं हे असंच चाललं होतं. पहिली तीन शीलं खणखणीत, पाचवं त्याहून खणखणीत. मधलं, खोटं न बोलण्याचं, आलं की त्याला खोकला यायचा, नाहीतर मेणबत्ती नीट करायची आठवण व्हायची. रोज सकाळच्या वंदनेला घरचीच तीन माणसं, त्यात कोण एवढा कान देऊन ऐकतं! पण आज राजदीपचं तिसरं पुण्यस्मरण. पोलादाच्या प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर सहाच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये वीसेक माणसं दाटीनं बसलेली. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली राजदीपचा फोटो, आणि घरातला वडील माणूस म्हणून दयाराम पुढं. पुढचाच थांबला तर मागच्यांनी काय करावं? मग मागून जानरावचा जाड आवाज आला, त्यानं ते शील उचललं आणि पार नेलं. लोकांना वाटलं, बापाला गहिवरून आलं. त्याची बायको शीला, तिनं तर पदर डोळ्याला लावला.

गहिवर नव्हता, हे त्या खोलीत एकट्या जानरावला माहीत होतं. दोघांनी प्लांटच्या प्रयोगशाळेत एका टेबलावर एकतीस वर्षं काढली होती. भट्टीतून पोलादाचा बोटभर नमुना यायचा. तो तपासायचा आणि सांगायचं, हा माल रुळाला चालेल की नाही. एकदा एका साहेबानं दयारामला बाजूला घेऊन म्हटलं, हा नमुना ठेव बाजूला, कालचा चांगला होता तोच लाव. दयाराम म्हणाला, "नमुना बदलणं म्हणजे त्या रुळावरून जाणाऱ्या माणसाचा गळा कापणं आहे, सायेब." त्यापायी प्रमोशन चार वर्षं अडकलं, पण प्लांटभर नाव झालं. अशा माणसाला रोज सकाळी खोकला का यावा, हे जानरावला ठाऊक होतं आणि तो कोणाला सांगणार नव्हता.

दारात गिट्टी आडवी पडली होती. येणाराजाणारा प्रत्येक पाहुणा तिच्यावरून टांग टाकून जात होता आणि जाताना काहीतरी बोलत होता.

"पोमेरेनियन आहे म्हणता हे? अहो बाप्पा, वासरू झालं हे तर!"

गिट्टी, म्हणजे खडी, हे नाव राजदीपनं ठेवलेलं. तो नंदिनीला, प्लांटच्या चुनखडीच्या खाणीत कामाला होता. एका रविवारी जॅकेटच्या चेनमधून मुठीएवढं पांढरं तोंड बाहेर काढून दाखवलं आणि म्हणाला, "खाणीतून गिट्टी आणली." नंदिनी नगरच्या कोणा साहेबाच्या घरची, असल पोमेरेनियन, आईबाप दोघंही कागदवाले. एवढीशीच राहणार, जन्मभर मांडीवर मावणार, असं तो म्हणाला होता. त्यानंतर अठरा दिवसांनी, जानेवारीच्या धुक्यात, नंदिनी रोडवर बिनलाईटच्या उभ्या ट्रकवर त्याची मोटारसायकल गेली. आणि मांडीवर मावणारी गिट्टी वाढतच गेली.

*

पाहुणे खीर खाऊन पांगले. घरात राहिले ते घरचे. पद्मनाभपूरहून आलेली लेक सुजाता, तिची पोरगी अनुजा, आणि जानराव. तो या घरात पाहुणा कधी नव्हताच.

राजदीपची बायको ऐश्वर्या स्वयंपाकघरात पातेली घासत होती. शनिवारी तिचं लग्न होतं. सुमेध रेल्वेत, भुसावळला, त्याचीही पहिली बायको आजारानं गेलेली. हे स्थळ शोधलं दयारामनं. "सून म्हणून आली, लेक म्हणून जाईन, याच दारातून," असं त्यानं नातेवाइकांच्या तोंडावर सांगितलं होतं. शीलाला मात्र हे पचायला वर्ष लागलं. त्या वर्षात सुजाता दर रविवारी यायची, आईजवळ बसायची, आई रडली की रडू द्यायची आणि निघताना पुन्हा तेच म्हणायची, "अठ्ठावीस वर्षांची पोरगी आहे वो ते, आई." सुजाता नसती तर हे लग्न जमलं नसतं. ऐश्वर्याला याची जाणीव होती, आणि म्हणूनच आज ती पातेल्यातून मान वर करत नव्हती, कारण तिनं सुजातापासूनही एक गोष्ट लपवली होती.

तिला गिट्टी न्यायची होती.

राजदीपचे फोटो होते, शर्ट होते, बंद पडलेलं घड्याळ होतं. पण ते सगळं गार. गिट्टीच्या पाठीवर हात ठेवला की ती ऊब त्याच्या जॅकेटमधून आलेली होती, असं तिला वाटायचं. सुमेधला तिनं हे बोलून दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, "घेऊन ये. अंगण आहे क्वार्टरले." एवढ्या एका वाक्यावरून तिनं त्या माणसाला मनातून होकार दिला होता. सासूला विचारायचा धीर मात्र होत नव्हता. आज सांगू, उद्या सांगू करता करता गुरुवार उजाडला.

अनुजा आत आली. एकोणीस वर्षांची, जनावरांच्या डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला, बोलण्यात इथल्या पोरांसारखी अर्धी हिंदी.

"मामी, सर ने दाखला दे दिया. रेल्वे में दिखाना पडेगा ना, वो. तारीख बाद में डाल देंगे. पण एक गडबड आहे."

"हळू बोल ना. काय गडबड?"

"नस्ल के खाने में सर ने पोमेरेनियन लिखा ही नहीं. संमिश्र लिहिलं. बोले, चौदा किलो की पोमेरेनियन? आपल्याकडची स्पिट्झ जात जरा मोठी राहते म्हणे, पण तेबी सात-आठ किलो. कान पाहिले, जबडा पाहिला, आणि हसले. मी म्हटलं, सर, कागदवाली आहे, मामाने स्वतः आणली. तर म्हणे, मामाले कोणी फसवलं असेल."

"फसवलं नाही," ऐश्वर्या म्हणाली. "त्यानं तिची माय पाहिली होती."

"कायचा दाखला?"

दारात सुजाता उभी होती, हातात उष्टी ताटं. अनुजानं जीभ चावली. ऐश्वर्यानं हात पुसले.

"ताई, मी सांगणारच होती."

"गिट्टीले घेऊन जाऊन राहिली तू? भुसावळले?" सुजातानं ताटं खाली ठेवली, जरा जोरातच. "मी आईसंगं वर्षभर भांडली तुह्यासाठी. आई म्हणे, पोरगा गेला, आता सूनबी जाते, माह्यापाशी राहते काय? मी म्हटलं, गिट्टी आहे ना. मी म्हटलं तिले असं, माह्या तोंडानं! अन् तू चोरून दाखला बनवून राहिली!"

"चोरून नाही, ताई..."

"मंग काय म्हणतात याले?"



*

शीला पुढच्या खोलीत राजदीपच्या फोटोखालची फुलं गोळा करत होती. आतला आवाज तिच्या कानावर पडला, आणि तिला सगळं कळलं. तिचे गुडघे दुखायचे, पण कान शाबूत होते.

सून जाणार हे तिनं मानलं होतं. तिच्यासाठी हिरवी साडी स्वतः निवडली होती, डब्यात शंकरपाळे भरून ठेवले होते. पण गिट्टी! राजदीप गेला तेव्हा शीलानं अन्न सोडलं होतं. आठ-नऊ दिवस नुसतं पाणी. मग पिल्लू आजारी पडलं, दवाखान्यात ठेवलं, चार दिवसांनी दयारामनं ते आणून तिच्या मांडीत टाकलं आणि म्हणाला, हे तुह्या हातचंच खाईन, दुसऱ्याचं नाही. पिल्लानं तिचं बोट चोखलं. तिनं दूधभात कालवला, एक घास त्याला दिला, एक स्वतः खाल्ला. त्या दिवसापासून आजपर्यंत रोज पहिला घास गिट्टीचा, दुसरा तिचा.

"या सगळ्याजणी इकडं," ती म्हणाली. "माह्या समोर बोला जे बोलायचं ते."

सगळ्या आल्या. दयाराम खिडकीपाशी खुर्चीत होता, जानराव दिवाणावर. गिट्टी उठून शेपटी हलवत मधोमध येऊन बसली.

"आई," ऐश्वर्या खाली बसली, अगदी शीलाच्या पायाशी. "मले दुसरं काही नको. दागिना नको, भांडं नको. हिले द्या."

"हेच तर एक आहे मा माह्यापाशी."

"त्यानं माह्यासाठी आणली होती, आई. जॅकेटातून काढली अन् माह्या हातात देली."

"तुह्या हातात देली कावून? मी पोळ्या लाटून राहिली होती म्हणून! पिठाचे हात होते माह्ये. म्हणे, धर वो, आईचे हात मोकळे होईपर्यंत."

"असं नव्हता म्हणाला."

"मी होती ना तिथं!"

"मी पण होती, आई!"

दोघींचा आवाज चढला तशी गिट्टी एकीकडून दुसरीकडं पाहू लागली. जानरावनं घसा साफ केला. "त्यानं मले सांगतलं होतं, कायले आणली ते. म्हणे, काका, घरात दोघी दिवसभर भांडतात, एक पंच आणून ठेवला."

एरवी हसू आलं असतं. सुजाताला आलंही जरासं, पण तिनं ते गिळलं. "आई म्हणते ते बरोबर आहे," ती म्हणाली. "तू नवीन घर मांडून राहिली, ऐश्वर्या. पहिल्याची आठवण कायले घेऊन जाते तिथं? सुमेधच्या घरचे काय म्हणतील?"

"सुमेध हो म्हणाले."

"आज हो म्हणाले."

"मम्मी, ये फेअर नहीं है," अनुजा मध्ये पडली. "अन् ऐका तर पूर्ण, कोण नेईल ते नंतर पाहा. दाखल्यातच अडचण आहे. सर म्हणतात, ही असल पोमेरेनियन नाहीच."

"नाही कशी?" शीला ताठ झाली.

"वजन पहा ना, आजी. शरीर पहा. सर म्हणतात, मामाले कोणीतरी रस्त्याचं पिल्लू देऊन..."

"राजदीपले कोणी फसवलं नाही! माह्या पोराले माणसं बी कळत होती अन् जनावरं बी."

"हे पाय," जानराव घाईघाईनं म्हणाला, "या घरात आपण माणसाची जात कोणाले काढू देत नाही, अन् आज बसल्या बसल्या कुत्रीची काढून राहिलो! सोडा ना. वासरू म्हणा, कुत्री म्हणा, आपली आहे. चहा ठेव वो सुजाता."

पण शीला उठली होती. सुनेनं मागितलं ते एक दुखणं, आणि मेलेल्या पोराची फसवणूक झाली म्हणतात हे दुसरं. पहिल्याचं उत्तर तिच्यापाशी नव्हतं, दुसऱ्याचं होतं. ती भिंतीतल्या कपाटाकडं गेली.

"तुह्या सरले म्हणा, आमच्या घरी सगळं लिहून आहे. तुह्या आबानं अन् मामानं तिचं वजन पहिल्या दिवसापासून लिहिलं आहे. दर रविवारी. राजदीप हेल्मेटात बसवे तिले, हेल्मेट ताणकाट्याले टांगे, अन् हेल्मेटाचं वजन काढून बाकीचं लिहे. पाय, किती हळूहळू वाढली ते. असल नाही म्हणते!"

"शीला, राहू दे ते," दयाराम म्हणाला. तासाभरात पहिल्यांदाच बोलला तो.

"कावून राहू दे? लेकरावर बोल येऊन राहिला."

तिनं जुनी निळी वही काढली आणि अनुजाच्या हातात दिली. अनुजानं पहिलं पान उघडलं. जानरावनं मान खाली घातली.

"ये मामा का अक्षर आहे ना? रविवार, सातशे दहा ग्रॅम. पुढचा रविवार, सातशे ऐंशी. त्याच्या पुढचा, आठशे साठ. हे तर एकदम बरोबर आहे, पोमेरेनियन असंच वाढते." तिचा चेहरा उजळला. "सर ला दाखवते मी. मग दोन रविवार कोरे आहेत. मग..."

ती थांबली. बोट ओळीवर ठेवून तिनं पुन्हा वाचलं.

"मग आबाचं अक्षर. दोन किलो सहाशे."

"मंग?" शीला म्हणाली.

"आजी, तीन हप्त्यात आठशे साठवरून दोन किलो सहाशे नाही होत. कोणतंच पिल्लू नाही होत. त्यात ती आजारी होती ना तेव्हा? आजारी पिल्लाचं वजन उलट कमी होते." अनुजानं आजोबाकडं पाहिलं. "आबा, काटा बदलला होता का तेव्हा? नाहीतर हेल्मेटचं वजन काढायचं राहिलं असेल तुमचं."

"काटा!" जानराव म्हणाला. "काटा बिघडला होता तो. मले आठवते ना. स्प्रिंग ढिली झाली होती त्याची."

*

दयारामनं वहीकडं पाहिलं. आपलं अक्षर, सरळ, प्रयोगशाळेतलं. त्या रविवारी त्यानं नवं पिल्लू काट्यावर ठेवलं तेव्हा काहीही लिहिता आलं असतं. नऊशे लिहिलं असतं, नऊशे चाळीस लिहिलं असतं, कोण पाहणार होतं? बायकोशी खोटं बोलून झालं होतं. पण पेन हातात घेतल्यावर हात ऐकेना. काट्यानं दाखवलं ते लिहायचं, एवढंच त्या हाताला येत होतं. मग वही कपाटात मागं सारली, आणि हेल्मेट माळ्यावर टाकलं, कारण नवं पिल्लू त्यात मावत नव्हतं.

आता जानराव रस्ता करून देत होता. नुसतं हो म्हणायचं. काटा बिघडला होता, संपलं. गिट्टी कोणीतरी घेऊन जाईल, दुसरीला रडू येईल, दोघीजणी त्याच्या खोट्यासाठी एकमेकींना कायमच्या तोडतील. त्यानं समोर पाहिलं. शीलाचा चेहरा लाल झाला होता आणि ऐश्वर्या तिच्या पायाशी बसूनही तिच्याकडं पाहत नव्हती.

"जानराव, राहू दे," तो म्हणाला. "काटा बरोबर होता. पिल्लू बदललं होतं."

अनुजानं वही मिटली.

"राजदीप गेल्यावर दहाव्या दिवशी गेली ते," दयाराम म्हणाला. "त्याची गिट्टी. उलट्या, जुलाब, रक्त. टोचायची राहून गेली होती आपल्याच्यानं, त्या गडबडीत कोणाले सुधरत होतं! जानराव स्कूटर चालवत होता, मी मागं बसलो होतो. दवाखाना यायचा होता अजून. माह्या हातातच थंड पडली."

ऐश्वर्याच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला.

"तू नऊ दिवस जेवली नव्हती, शीला. डॉक्टर म्हणे, असंच राहिलं तर सलाईनवर ठेवा लागेल. अन् तू एकच विचारे, गिट्टी कशी आहे. दुसरं काही तुह्या तोंडात नव्हतं. मी घरी येऊन काय सांगणार होतो? आता तेबी गेली म्हणून? मी म्हटलं, दवाखान्यात ठेवली. चार दिवस आम्ही दोघं हिंडलो. मोहन नगरात एका घरी पांढरं पिल्लू भेटलं. मोठं होतं ते, पण त्या दिवसात तुमाले कोणाले पाहायचं भान होतं! माय पोमेरेनियन होती."

"अन् बाप?" अनुजानं नकळत विचारलं.

"बाप कोण, ते मोहन नगरलेच ठाऊक," जानराव पुटपुटला.

"मी नमुना बदलला," दयाराम म्हणाला. "जन्मभर ज्या गोष्टीले नाही म्हटलं, ते घरात केली. रोज सकाळी शील म्हणताना जीभ जड होते माह्यी. कोणाचं काही लपत नाही, असं मीच सांगत फिरलो सगळ्यायले."

सुजाता रडत होती. "बाबा, मले तरी सांगायचं होतं. मी काय परकी होती?"

ऐश्वर्या उठली. दोन पावलं गिट्टीपासून दूर गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तीन वर्षं ज्या पाठीवर हात ठेवून ती झोपली ती पाठ राजदीपनं कधी पाहिलीच नव्हती. गिट्टी तिच्यामागं गेली, तिचा हात हुंगला. ऐश्वर्यानं हात वर घेतला, आणि लगेच तिची तिलाच लाज वाटली.

*

शीला खाली बसली. आधी तिला काहीच वाटलं नाही, मग राग आला, आणि राग इतका मोठा की तो कोणावर काढावा ते कळेना. सुनेवर काढायचा होता तो तर आता फुकटच गेला होता.

"म्हणजे तीन वर्षं मी कोणाले घास भरवला?" ती म्हणाली.

ती दयारामकडं वळली.

"आपल्या पोराची निशाणी म्हणून मी हिचे केस विंचरले. हिच्या कानात त्याच्या गोष्टी सांगतल्या. हिले काय ठाऊक तो कोण होता ते! अन् तुमी रोज समोर बसून पाहून राहिले होते."

"हाव."

"कुठं पुरलं तिले?"

"नंदिनी रोडवर. जिथं राजदीप... तिथंच, रस्त्यापासून आतमधी, पळसाखाली. जानरावनं खड्डा केला. मी महिन्यातून एकदा जातो. तुले सांगतो, बँकेत जातो म्हणून."

"तुमी रडले?"

हा प्रश्न त्याला अपेक्षित नव्हता. राजदीपच्या वेळी तो रडला नव्हता. आलेल्या माणसांना खुर्च्या दिल्या, गाडीची व्यवस्था केली, खाणीतल्या साहेबांशी इंग्रजीत बोलला. लोक म्हणाले, दयाराम दगडाचा आहे. शीलालाही तसंच वाटलं होतं. एका पलंगावर झोपून ते वाटणं तिनं तीन वर्षं उराशी धरलं होतं.

"रडला, वयनी," जानराव म्हणाला. "पुलाच्या खाली स्कूटर थांबवा लागली. रस्त्यावर बसला. लोक गोळा झाले. पिल्लू छातीशी धरून राजदीप, राजदीप म्हणे. मी पाहिलं आहे ना. माह्याच्यानं नाही पाहवलं गेलं."

सुजातानं उठून पंखा बंद केला. थंडीतही उदबत्तीचा धूर जावा म्हणून तो सकाळी लावलेला, बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं.

"माह्यं एकदा गेलं," शीला हळू म्हणाली. "तुमचं दोनदा गेलं. अन् दुसऱ्यांदा तुमी मले बोलावलं नाही. मी कोण होती तुमची? मी जेवली नसती, मेली असती, पण तुमच्याजवळ बसून रडली तर असती. माह्या वाट्याचं रडणं बी तुमीच नेलं."

"चुकलं माह्यं."

"चुकलंच तुमचं," ती म्हणाली. "मले आता माफबिफ नका मागू. आज नाही होणार माह्याच्यानं."

गिट्टी भिंतीपाशी घुटमळत होती. ऐश्वर्यानं हात वर घेतला होता, अनुजा वही धरून बसली होती, आणि जेवायची वेळ टळून गेली होती. शेवटी गिट्टी शीलाकडं आली आणि डोकं तिच्या गुडघ्यावर ठेवलं, दुखऱ्या गुडघ्यावर. चौदा किलोच्या कुत्रीचं डोकंही काही हलकं नसतं. शीला कळवळली, पण तिनं ते ढकललं नाही. आज सकाळपासून दोघींनी खाल्लं नव्हतं.

"सुजाता, भात आण वो. दूध आण."

सुजातानं वाटी आणली. शीलानं भात कालवला, नीट, गुठळी राहू न देता. पहिला घास गिट्टीला दिला. दुसरा हातात धरून ठेवला.

"ऐश्वर्या, इकडं ये. बस."

ऐश्वर्या आली. डोळे सुजलेले. "आई, राहू द्या. ती राजदीपची नव्हतीच तर मी कोणत्या हक्कानं मागू? राहू द्या तुमच्यापाशी."

"राजदीपची असती तर मी देली नसती," शीला म्हणाली. "जीव गेला असता तरी देली नसती. त्याची वस्तू मी कोण देणारी? पण ते त्याची नाही. मोहन नगरची आहे, बिनकागदाची, अन् माह्या हातानं वाढली आहे. माह्या हातचं मी देऊ शकतो. लेक निघाली तर माय काही देते का नाही संगं?"

ऐश्वर्यानं तोंडावर हात धरला.

"रडू नको, ऐक. नुसता भात नाही खात ते. बोटानं कालवून द्या लागते, अन् पहिले तिले, मंग आपण. पावसात गडगडलं का पलंगाखाली जाते, तवा ओढून नको काढू, आपणच खाली बसायचं. पहिले आठ दिवस दारात बसून राहीन, माही वाट पाहीन. तवा मले फोन लाव. मी बोलतो तिच्यासंगं."

"हाव, आई."

शीलानं हातातला घास ऐश्वर्याच्या तोंडात घातला. मग ती उठली, एका हातानं गुडघा धरून, एका हातानं गिट्टीच्या मानेचा आधार घेऊन. दारामागच्या खुंटीवरची शाल काढून अंगावर घेतली. दयाराम अजून खुर्चीतच होता.

"स्कूटर काढा," ती त्याला म्हणाली.

"आता? कुठं?"

"नंदिनी रोडवर, तिच्यापाशी. तुमी रडून घेतलं. माह्यं रडणं बाकी आहे."